मिरचीचा संकर घरातल्या तंबूत: जूनची पेरणी, पुढच्या खरिपाचं बी

मिरचीचं बी घरी धरणाऱ्यांची एक तक्रार जुनीच आहे: यंदा निवडून ठेवलेलं बी पुढच्या वर्षी तसं उतरत नाही. मिरचीचं फूल स्वतःच्या परागावर फळत असलं, तरी मधमाश्या आणि फुलकिडे शेजारच्या वाणाचा परागही आणून टाकतात. म्हणून प्रमाणित बियाण्यासाठी २०० मीटर आणि पायाभूत बियाण्यासाठी ४०० मीटर विलगीकरण अंतर राखावं लागतं. दोन एकरांच्या रानात, चहूबाजूंना इतरांची मिरची उभी असताना हे अंतर आणायचं कुठून? त्यासाठी खोलीत मावणारा, आतून चकचकीत अस्तराचा, चार बाय चार फुटांचा कापडी तंबू वापरता येतो. चेन ओढली की माशी बाहेर राहते आणि हवा तोच संकर हातानं करता येतो.

त्यात विकायची मिरची मात्र पिकवू नका. २०० वॅटचा एलईडी दिवा रोज १४ तास चालला तर महिन्याला ८४ युनिट वीज जाते, पंख्याचं वेगळं. एवढ्या खर्चात बाजारभाव परवडत नाही, पण बी परवडतं.

असे तंबू परदेशात गांजाच्या घरगुती लागवडीतून रूढ झाले. आपल्याकडे गांजाचं झाड लावणं हा १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गंभीर गुन्हा आहे, मग ते बांधावर असो की घरात. त्या पिकाचा वास दाबायला काही संचांत कोळशाचा फिल्टर देतात. मिरचीला त्याची गरज नाही, तेवढे पैसे वाचवा.

जूनच्या मध्यात पेरणी करावी. कोकोपीट आणि चाळलेलं गांडूळखत निम्मं-निम्मं घेऊन ट्रे भरावा आणि बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळावं. ३५ ते ४० दिवसांची रोपं दहा इंची कुंड्यांत हलवावीत. या तंबूत नऊ कुंड्या बसतात. दहावी कोंबायचा मोह टाळा. संकरासाठी नर आणि मादी पालक म्हणून सरळ वाणच निवडा: पुसा ज्वाला, राहुरी विद्यापीठाची फुले ज्योती, किंवा तुमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली गावरान मिरची. पाकिटातलं संकरित बी पालक म्हणून घेतलं तर पहिल्याच पिढीत भेसूर मिश्रण हाती येतं आणि कोणता गुण कुठून आला हे कळत नाही.

पावसाळ्यात खरी अडचण दमटपणाची. हवा फार ओली असली की परागकोष नीट फुटत नाहीत आणि पानांवर बुरशी धरते. एक्झॉस्ट पंखा चालू ठेवा, पाणी सकाळीच द्या, कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. तापमान दिवसा २५ ते ३० अंश असावं. ३५ च्या वर गेलं की फूलगळ सुरू होते, रात्री १५ च्या खाली गेलं की पराग निकामी होतो.

ऑगस्टच्या अखेरीस फुलं येतात आणि कौशल्याचं काम सुरू होतं. उद्या उमलेल अशी, पांढरी पडलेली पण मिटलेली कळी संध्याकाळी निवडा. बारीक चिमट्यानं पाकळ्या अलगद उघडून पाच-सहा परागकोष फुटण्याआधीच काढून टाका. मधल्या स्त्रीकेसराला धक्का लागता कामा नये. कळीवर कापसाचं पातळ आवरण ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान नर झाडाच्या ताज्या फुलातला फुटलेला परागकोष घेऊन कुक्षीवर टेकवा. देठाला दोरा बांधून चिठ्ठीवर मादी, नर आणि तारीख पेन्सिलीनं लिहा. शाई ओल्या हवेत पसरते. त्या फांदीवरची बाकीची फुलं खुडून टाका. चिमटा दर वेळी स्पिरिटमध्ये बुडवून कोरडा करा. तंबाखू मळलेल्या हातानं झाडाला शिवूच नका. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू मिरचीलाही लागतो आणि हातावरून सहज जातो. साबणानं हात धुऊनच चेन उघडा. शेतातून आलेल्या कपड्यांनी आत शिरलात तर पांढरी माशी सोबत येते आणि पानं मुरडणारा बोकड्या रोग तंबूतच सुरू होतो. पिवळे आणि निळे चिकट सापळे पहिल्या दिवसापासून टांगा.

संकराची फळं ऑक्टोबरच्या मध्यापासून लाल होतात. पूर्ण पिकू द्या, सावलीत वाळवा, बी काढून हवाबंद डब्यात ठेवा. हेच बी नोव्हेंबरमध्ये पुन्हा तंबूत पेरा. या पहिल्या पिढीची झाडं बहुतेक एकसारखी दिसतील. त्यावर भुलू नका, इथे निवड करायची नसते. मार्चमध्ये त्यांच्या स्वपरागित फळांतून दुसऱ्या पिढीचं बी मिळतं, आणि सगळा खेळ तिथे आहे.

उदाहरण घ्या. खाली लोंबणारी मिरची आणि आभाळाकडे तोंड करणारी मिरची यांचा संकर केला, तर पहिल्या पिढीत सगळ्या लोंबत्या येतात, कारण लोंबणं हा गुण वरचढ आहे. दुसऱ्या पिढीत चारातलं सुमारे एक झाड उभ्या फळांचं निघतं. नऊ कुंड्यांत अशी जेमतेम दोन झाडं मिळतील. त्याच्या जोडीला असाच दुसरा दबलेला गुण हवा असेल तर प्रमाण सोळात एक होतं आणि नऊ झाडांत तसं एकही न निघण्याची शक्यताच जास्त. दुसरी पिढी तंबूत ठेवणं म्हणजे हाती आलेली विविधता फेकून देणं. या टप्प्यापुरतं तंबूचं काम मार्चला संपलं असं धरा. मेअखेर रोपवाटिका टाकून जून-जुलैमध्ये किमान १५० रोपं शेतात, वेगळ्या ओळींत लावा आणि एकेका झाडाची नोंद ठेवा: फळाचा आकार, तिखटपणा, रंग, बोकड्याला टिकलं की नाही.

निवडलेल्या पाच-सहा झाडांवरच्या काही कळ्या उमलण्याआधी मलमलीच्या पिशवीत बांधा, म्हणजे शेतातही बी शुद्ध मिळेल. मग हिवाळ्यात त्या प्रत्येक झाडाचं बी तंबूत स्वतंत्र कुंडीत वाढवा. वर्षाला अशा दोन पिढ्या घेतल्या तर वाण स्थिर व्हायला तीन-चार वर्षं लागतात. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला स्वतःचा वाण नोंदवण्याची सोय दिली आहे. पाचव्या-सहाव्या पिढीत झाडं एकसारखी दिसू लागली की जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात नोंदवही आणि बी घेऊन जा. तारखा, पालक वाण आणि दर पिढीतली निवड तिथे विचारतील, म्हणून पहिल्या चिठ्ठीपासून वही जपून ठेवा.