वळणावर मागचे चाक कुठे जाते?

नाशिकच्या गंगापूर रोडवरून डावीकडच्या गल्लीत वळणारी, 'एल' पाटी लावलेली मोटार तुम्ही पाहिली असेल. शिकाऊ चालक पुढचे चाक कोपऱ्यापासून जपतो आणि मागचे चाक नेमके पदपथावर चढते. असे का व्हावे?

स्टिअरिंगने फक्त पुढची चाके वळतात. मागची चाके लहान वर्तुळातून जातात. समजा, पुढचे डावे चाक ६ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर आहे आणि पुढच्या-मागच्या चाकांत २.४ मीटर अंतर आहे. पायथागोरसच्या सिद्धान्ताने मागच्या डाव्या चाकाची त्रिज्या √(६² − २.४²), म्हणजे सुमारे ५.५ मीटर येते. चाक अर्धा मीटर आत आले! तेवढी जागा सोडून, जरा उशिराच स्टिअरिंग फिरवावे.

आता वेग पाहू. वळण्यासाठी लागणारे केंद्रगामी बल टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षण पुरवते. १० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी २० कि.मी. वेगाला ३.१ मी./से.² त्वरण लागते. ताशी ४० ला चौपट, म्हणजे १२.३. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षण साधारण ७ पर्यंतच पुरते, ओल्यावर त्याहून कमी. ब्रेकही त्याच घर्षणावर चालतो. म्हणून वेग वळणाआधीच कमी करावा.

सायकलची चाके ओली करून अंगणात वळण घ्या. फरशीवर उमटलेल्या दोन रेषांपैकी आतली कोणत्या चाकाची? ते पाहिलेत, की बस वळत असताना आतल्या कोपऱ्यावर का उभे राहू नये, हे निराळे सांगावे लागणार नाही.