एचटी रिलेचे कोटेशन: सही करण्याआधी काय पाहावे, किती मोजावे

विद्युत निरीक्षकांच्या अहवालात ‘एचटी पॅनेलवरील रिलेची चाचणी करून अहवाल सादर करावा’ असा शेरा येतो. किंवा ठेकेदार ‘जुना रिले गेला, नवा टाकावा लागेल’ असे सांगून एका ओळीचे कोटेशन पाठवतो: नवीन रिले, बसवणे व चाचणीसह, अमुक हजार. बहुतेक कारखानदार त्या आकड्यावर घासाघीस करतात आणि सही करतात. पण त्या एका ओळीत निदान पाच वेगवेगळी कामे दडलेली असतात. त्यातली कोणती होणार आणि कोणती राहणार, हे विचारल्याशिवाय आकडा स्वस्त की महाग ते ठरवता येत नाही.

हे मार्गदर्शन ११, २२ किंवा ३३ केव्हीवर, म्हणजे उच्चदाबावर (एचटी) वीज घेणाऱ्या, स्वतःचा ट्रान्सफॉर्मर आणि ब्रेकर असणाऱ्या ग्राहकांसाठी आहे: एमआयडीसीतला मध्यम कारखाना, शीतगृह, रुग्णालय, महाविद्यालय. तुमच्या सोसायटीला लघुदाबाचा (एलटी) पुरवठा असेल, तर ट्रान्सफॉर्मर आणि त्याचे संरक्षण वीज कंपनीकडे असते आणि हा खर्च तुमचा नाही.

काम कसे चालते ते थोडक्यात पाहू. सीटी, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर, मोठा करंट लहान करून रिलेकडे आणतो. करंट ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेला की रिले डीसी पुरवठा ट्रिप कॉइलला देतो आणि ब्रेकर उघडतो. सीटी, रिले, डीसी पुरवठा, ब्रेकर या चारांपैकी एक जरी लंगडा असला तरी ट्रान्सफॉर्मर जळतो. कोटेशनमध्ये मात्र बहुधा एकाचेच नाव असते.

डब्याची किंमत

तिन्ही फेजचा ओव्हरकरंट आणि अर्थ फॉल्ट पाहणारा देशी बनावटीचा न्यूमरिकल रिले साधारण १५ ते ३५ हजार रुपयांना मिळतो. बहुराष्ट्रीय कंपनीचा, संगणकाशी जोडता येणारा, घटनांची सविस्तर नोंद ठेवणारा घेतला तर ४० हजारांपासून लाखापर्यंत. एकच ट्रान्सफॉर्मर असलेल्या कारखान्याला पहिल्या गटातला रिले पुरतो, असे माझे स्पष्ट मत आहे. महागड्या रिलेतली निम्मी फंक्शन्स अशा ठिकाणी कायमची बंदच राहतात. वाचलेले पैसे सेटिंग आणि चाचणीवर घाला.

दोन गोष्टींवर मात्र तडजोड नको. मागील काही घटनांची नोंद, फॉल्टच्या करंटसह, रिलेत राहिली पाहिजे. आणि ट्रिप सर्किट धड आहे की नाही हे सतत पाहण्याची सोय हवी. लोटे-परशुराम, महाड, तारापूर अशा रासायनिक पट्ट्यात कारखाना असेल तर आतल्या सर्किट बोर्डवर संरक्षक लेप आहे का तेही विचारा. तिथल्या वायूंनी तांब्या-चांदीचे संपर्क काळे पडतात, आणि ते रिलेच्या दर्शनी काचेवर दिसत नाही.

जुना, तबकडी फिरणारा सीडीजी पद्धतीचा रिले अजून अनेक पॅनेलांत आहे. तो चाचणीत नीट चालत असेल तर केवळ जुना म्हणून काढू नका. त्याची खरी अडचण पायऱ्यांची आहे. ओव्हरकरंटचा प्लग ५० टक्क्यांपासून २५-२५ टक्क्यांनीच वर जातो. ५०० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरला ११ केव्ही बाजूला पूर्ण भाराचा करंट सुमारे २६ अँपिअर असतो. सीटी ५०/५ असेल तर ५० टक्क्यांवर रिले २५ अँपिअरला उचलतो (कामाला लागतो), म्हणजे पूर्ण भाराच्याही आधी. ७५ टक्क्यांवर ३७.५ अँपिअरला, म्हणजे जवळजवळ दीडपटीला. मधले काही निवडताच येत नाही. न्यूमरिकल रिलेत तोच आकडा ६५ टक्के, म्हणजे ३२.५ अँपिअर असा नेमका ठेवता येतो. बदलण्याचे हे सबळ कारण आहे. सुटे भाग मिळेनासे होणे हे दुसरे.

सेटिंग: इथे पैसे वाचवू नका

रिले पेटीतून निघतो तेव्हा त्यात तो बनवणाऱ्या कंपनीने भरलेले आकडे असतात. ते तुमच्या ट्रान्सफॉर्मरचे नसतात. तरीही ‘बसवून चालू करून दिला’ या कामात पुष्कळदा तेच आकडे, किंवा शेजारच्या पॅनेलवरून उतरवलेले आकडे राहतात.

वरच्याच ५०० केव्हीएच्या उदाहरणावर पाहू. ट्रान्सफॉर्मरच्या नामफलकावर इम्पिडन्स ४.५ टक्के असेल, तर एलटी बसबारवर शॉर्टसर्किट झाल्यास ११ केव्ही बाजूला जास्तीत जास्त सुमारे ५८० अँपिअर करंट येतो. हा दोष एलटीच्या एसीबीने, म्हणजे एअर सर्किट ब्रेकरने, तोडायचा आहे. म्हणून एचटी रिलेचे तात्काळ ट्रिपचे सेटिंग याच्या वर, ७५० ते ८०० अँपिअरला हवे. शिवाय ट्रान्सफॉर्मर चालू करताना क्षणभर पूर्ण भाराच्या आठ ते बारा पट करंट ओढतो, म्हणजे इथे २१० ते ३१५ अँपिअर. कोणी सवयीने तात्काळ सेटिंग सीटीच्या पाचपट, २५० अँपिअर ठेवले, तर वीज गेल्यानंतर ब्रेकर पुन्हा चालू करताना मधूनमधून विनाकारण पडतो. मग ऑपरेटर वैतागतो, कोणीतरी ते फंक्शनच बंद करतो, आणि त्या दिवसापासून ट्रान्सफॉर्मरच्या एचटी वेटोळ्यातल्या दोषाला झटपट तोडणारे काही उरत नाही. अशी बंद केलेली फंक्शन्स एचटी पॅनेलांत मुळीच दुर्मीळ नाहीत. तुमच्याकडे ते चालू आहे का, हे आजच पाहून घ्या, फुकट होते.

यातच सीटीचा प्रश्न येतो. सीटीवर ‘५पी१०’ लिहिलेले असेल, तर पूर्ण बर्डनवर (सीटीला जोडलेल्या भारावर) त्याच्या अचूकतेची हमी दहापटीपर्यंतच, म्हणजे ५०/५ च्या सीटीला ५०० अँपिअरपर्यंत आहे. न्यूमरिकल रिलेचा बर्डन फार कमी असल्याने प्रत्यक्षात तो याहून वर चालतो, पण किती वर, याची आकडेमोड करणाऱ्याने अहवालात दाखवली पाहिजे. नवे सीटी घेणारच असाल तर ५पी२० मागा.

वेळेचे सेटिंग दोन्ही बाजूंशी जुळवावे लागते. खाली तुमचा एसीबी, वर महावितरणच्या उपकेंद्रातला फीडरचा रिले. दोन रिलेंच्या वेळांत साधारण ०.३ सेकंदाचे अंतर ठेवतात, जुन्या तबकडीच्या रिलेसाठी ०.४. वरच्या फीडरचे सेटिंग वीज कंपनीच्या चाचणी विभागाकडून लेखी मागून घ्यावे. ते न मागताच ज्याने ‘कोऑर्डिनेशन’ केले, त्याने ते केलेलेच नाही. तुमच्या दोषाने उपकेंद्रातला ब्रेकर पडला तर त्या फीडरवरचे सगळे कारखाने अंधारात जातात.

अर्थ फॉल्टचे सेटिंग एचटी बाजूला कमी, सीटीच्या १० ते २० टक्के ठेवता येते. डेल्टा-स्टार ट्रान्सफॉर्मरमध्ये एलटीचा अर्थ फॉल्ट एचटीच्या अर्थ फॉल्ट रिलेला दिसतच नाही. त्यामुळे त्याच्याशी वेळ जुळवण्याची गरज नसते, पण एलटीसाठी एसीबीत किंवा न्यूट्रल सीटीवर वेगळे संरक्षण हवेच.

सेटिंगचे महत्त्व किती, याचा मोठा दाखला देशाने पाहिला आहे. ३० जुलै २०१२ च्या पहाटे उत्तर भारताचे ग्रिड कोसळले, तेव्हा बीना-ग्वाल्हेर ४०० केव्ही वाहिनीवर कोणताही दोष नव्हता. भार इतका वाढला होता की डिस्टन्स रिलेच्या, दूरच्या दोषांसाठी ठेवलेल्या, तिसऱ्या झोनने तो दोष समजून वाहिनी तोडली. रिले बिघडलेला नव्हता. त्याला जे शिकवले होते ते त्याने केले.

एका ट्रान्सफॉर्मरच्या सेटिंगची आकडेमोड, सही-शिक्क्यासह, ५ ते १५ हजारांत होते. तीन-चार ट्रान्सफॉर्मर, डीजी (डिझेल जनरेटर) आणि मोठ्या मोटारी असलेल्या कारखान्याचा संगणकावरचा पूर्ण अभ्यास ५० हजारांपासून दोन लाखांपर्यंत जातो. छतावरचा सौर प्रकल्प किंवा ग्रिडला समांतर चालणारा डीजी असेल तर व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी आणि उलट वीजप्रवाहाचे संरक्षणही त्यात धरून घ्या. नंतर वेगळे करायला जास्त पैसे पडतात.

डीसी पुरवठा आणि बाकीचे

शॉर्टसर्किटच्या क्षणी एसी व्होल्टेज कोसळते. म्हणून ट्रिप कॉइलला स्वतंत्र साठवलेली ऊर्जा लागते: लहान पॅनेलला कपॅसिटरचा पॉवर पॅक, मोठ्याला बॅटरी आणि चार्जर. पॉवर पॅक ६ ते १५ हजारांत येतो, बॅटरी-चार्जरचा संच ४० हजारांपासून लाखापर्यंत. रिले उत्तम, सेटिंग बरोबर आणि बॅटरी मेलेली, यापेक्षा वाईट स्थिती नाही, कारण बाहेरून सगळे ठीक दिसते. पॉवर पॅकचा एसी पुरवठा काढून, त्यानंतरही ब्रेकर पडतो का, हे करून दाखवायला सांगा.

बसवण्याचे काम, म्हणजे दारावरची जुनी खाच झाकणारी पट्टी, वायरिंग, फेरुल, चाचणीचे टर्मिनल, ८ ते २० हजारांत होते. चाचणीचे टर्मिनल वगळून हजार-दोन हजार वाचवू नका. त्याच्याशिवाय दर वर्षी वायर सोडाव्या लागतात आणि परत जोडताना चुका होतात. चालू सीटीची सेकंडरी उघडी राहिली तर तिथे जीवघेणे व्होल्टेज तयार होते. हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच, महावितरणकडून पुरवठा बंद करून घेऊन आणि अर्थिंग करूनच व्हावे.

ट्रान्सफॉर्मर १००० केव्हीए किंवा त्याहून मोठा असेल तर बुकोल्झ रिलेचे, म्हणजे वायूच्या संरक्षणाचे, अलार्म आणि ट्रिप नियमानेच लागतात. तेही याच फेरीत तपासून घ्या, वेगळ्या भेटीचे पैसे वाचतात.

चाचणी अहवाल कसा वाचावा

‘टेस्टेड ओके’ एवढाच शेरा असलेल्या कागदाला काही किंमत नाही. सेकंडरी इंजेक्शन किट (रिलेला बाहेरून करंट देणारे उपकरण) घेऊन येणारा अभियंता दिवसाला साधारण १० ते २० हजार घेतो. एकाच जागी अनेक रिले असतील तर दर रिलेमागे २ ते ५ हजारांत काम होते. म्हणून शेजारच्या दोन-तीन कारखान्यांनी मिळून एकच दिवस ठरवावा. किटचे कॅलिब्रेशन प्रमाणपत्र चालू मुदतीचे असावे.

अहवालात रिले किती अँपिअरला उचलतो आणि निदान तीन करंटांना किती वेळ घेतो, हे आकडे हवेत. ते तुम्हीही पडताळू शकता. नॉर्मल इन्व्हर्स वक्रावर टीएमएस (वेळेचा गुणक) ०.१५ असेल तर सेटिंगच्या दुप्पट करंटला सुमारे १.५ सेकंद, पाचपटीला ०.६४, दहापटीला ०.४५ सेकंद यायला हवेत. अहवालातले सगळे मोजलेले आकडे सूत्रातल्या आकड्यांशी शेवटच्या दशांशापर्यंत जुळत असतील, तर ते मोजलेले नसून लिहिलेले आहेत असे समजा. पहिल्यांदा बसवताना सीटीचे गुणोत्तर, ध्रुवता आणि इन्सुलेशनची नोंदही मागा.

आता ५०० केव्हीएच्या कारखान्याचा हिशेब मांडू: रिले २५ हजार, बसवणे १२, पॉवर पॅक १०, सेटिंग १०, चाचणी १५. एकूण ७२ हजार, १८ टक्के जीएसटी धरून सुमारे ८५ हजार. यात रिलेचा वाटा जेमतेम एक तृतीयांश आहे. तुमच्या हातातले कोटेशन ४० हजारांचे असेल तर यातले काय गाळले ते विचारा. दीड लाखाचे असेल तर काय जादा आहे ते विचारा. जळालेल्या ट्रान्सफॉर्मरचे रिवाइंडिंग याच आकाराला काही लाखांत जाते, आणि उत्पादन बंद राहते ते वेगळेच.

वर्षाचा खर्च १५ ते २५ हजार धरा. मे महिन्यात, पावसाळ्याआधी, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी चाचणी उरकावी. कोकणात पॅनेलमधला हीटर चालू आहे का ते पाहावे. तो काहीशे रुपयांचा असतो आणि दमटपणाने होणारे निम्मे त्रास टाळतो. रोज ऑपरेटरने डीसी व्होल्टेज आणि रिलेचा हिरवा दिवा वहीत नोंदवावा. ट्रिप झाल्यावर रीसेट करण्याआधी रिलेवरचा संदेश, करंट आणि वेळ लिहून घ्यावी, मोबाइलवर फोटो काढावा. ती माहिती पुसून ब्रेकर परत चालू केला, तर कारण शोधणाऱ्या अभियंत्याला तुम्ही कोऱ्या पाटीवर बसवता आणि त्याचा दिवस तुमच्या बिलात येतो. मशिनरी ब्रेकडाउनचा विमा असेल तर दाव्याच्या वेळी सर्वेक्षक हीच वही आणि हेच अहवाल मागतो.

काम पूर्ण झाले की सेटिंगची फाइल, रिलेचा पासवर्ड, आकडेमोडीचा कागद आणि चाचणी अहवाल तुमच्या ताब्यात घ्या. ठेकेदार बदलला तरी ते तुमच्याकडे राहतील. आणि शेवटचा हप्ता देण्याआधी पॅनेलसमोर उभे राहा, किटमधून रिलेला करंट द्यायला सांगा आणि ब्रेकर प्रत्यक्ष पडताना पाहा. पडला तरच बिल द्या.