पुनरावृत्ती आणि पारख

फ्रान्समधील लियाँ शहर रेशमी वस्त्रांकरिता प्रसिद्ध होते. तेथे नक्षीदार कापड विणताना विणकराजवळ एक मदतनीस असे. पुष्कळदा तो लहान मुलगाच असे. धोटा फेकण्यापूर्वी नक्षीचे नेमके धागे वर यावेत म्हणून तो दिवसभर दोऱ्या ओढी. १८०४ च्या सुमारास जोसेफ जॅकार्ड याने हे काम भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांकडे सोपविले. भोक असेल तेथील धागा उचलला जाई. नसेल तेथील खालीच राही. पुठ्ठ्यांच्या माळेची टोके जोडलेली असल्यामुळे शेवटच्या पुठ्ठ्यामागून पुन्हा पहिला येई. सोलापुरी चादरीवरील नक्षी जॅकार्डच्या मागावरच उतरते. मात्र त्या माळेला एक गोष्ट कळत नसे. धागा तुटला तरी ती फिरतच राही!

आजच्या कारखान्यात यंत्रांची हालचाल गती-नियंत्रक नावाचे उपकरण चालविते. त्याला आज्ञा लिहून द्याव्या लागतात. समजा, पावलापावलाने फिरणाऱ्या एका विद्युत मोटरीचा फेरा २०० पावलांत पुरा होतो आणि तेवढ्यात आट्यांच्या दांड्यावरील मेज ५ मिलिमीटर पुढे सरकते. मेज २० मिलिमीटर न्यायचे, तर ८०० पावले हवीत. ‘एक पाऊल टाक’ ही आज्ञा ८०० वेळा कोण लिहीत बसणार? ‘पुढील आज्ञा ८०० वेळा कर’ एवढे पुरे. या पुनरावृत्तीस ‘लूप’ म्हणतात.

पण मेज आधीच पुढे उभे असेल आणि २० मिलिमीटर जागाच उरली नसेल तर? त्याकरिता हद्दीवर एक लहानशी कळ बसविलेली असते. मेज टेकले की ती दाबली जाते. म्हणून आज्ञा अशी असावी : ‘कळ दाबलेली असेल, तर थांब, नसेल, तर एक पाऊल टाक.’

नवशिका चुकतो तो येथेच. ही पारख तो पुनरावृत्तीच्या आधी एकदाच लिहितो. आरंभी कळ मोकळी असते. यंत्र चालू लागते आणि मग ८०० पावले संपेपर्यंत काही विचारीत नाही. मेज कडेवर आदळले तरी मोटर आपली रेटीतच राहते. पारख पुनरावृत्तीच्या पोटात लिहिली, म्हणजे ती प्रत्येक पावलाआधी होते. ६१३ व्या पावलाला कळ दाबली गेली, तर ६१४ वे पडत नाही.

तरीही कामगाराच्या बोटांचे रक्षण केवळ लिहिलेल्या आज्ञांवर सोपवीत नाहीत. यंत्राजवळ आणीबाणीचे तांबडे बटन असते. ते दाबताच मोटरीची वीज तोडली जाते. मग पुनरावृत्ती कितव्या पावलावर होती, हे कोणी पाहत नाही.