नाव घालण्यापूर्वीचे महिने

सुनेला दिवस गेल्याची वार्ता तीन महिने उंबरठ्याबाहेर जाऊ द्यावयाची नाही असा आमच्या घरचा दंडक होता, आणि त्याचा मान राखून मी प्रसूतिगृहात नाव घातले तेव्हा चौथा महिना लागलेला होता; रक्त तपासले तो जे हिमोग्लोबिन गर्भ नसताना १२ च्या वर असावयास हवे, ते ८ च्याही खाली निघाले. पुढे शिरेतून लोह घेणे, जिना चढता धाप लागणे आणि अखेर मुदतीपूर्वीची प्रसूती, हे सारे यथाक्रम झाले. ही तूट गर्भाने आणलेली नव्हती. पाळीत अतिरिक्त रक्त जात असताना 'बायकांचे हे असावयाचेच' म्हणून झालेली वर्षांची हयगय, साबुदाण्यावर काढलेले उपास आणि जेवणावर लगोलग चहा, यांची ती संचित बाकी होती. गर्भारपणाला सुमारे एक ग्राम लोह लागते, आणि रिकाम्या खजिन्यावर ही हुंडी येऊन पडते.

म्हणून माझे विवाहितांस सांगणे असे की, मूल हवे असा विचार ठरताच रक्त तपासावे, लोहाची गोळी चहाबरोबर न घेता लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, आणि पूर्ण शाकाहारी असल्यास ब-१२ ची खातरजमा करावी. फॉलिक अ‍ॅसिडला तर दिरंगाई मुळीच चालत नाही. गर्भाच्या मेंदूची व मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांच्या सुमारास मिटते, म्हणजे पाळी चुकून जेमतेम पंधरवडा लोटलेला असतो. सबब रोजची ४०० मायक्रोग्रामची मात्रा किमान महिनाभर आधी सुरू असावी, आणि पूर्वी नळीचा दोष असलेले अपत्य झाले असल्यास अधिक मात्रा वैद्यानेच ठरवावी. या द्रव्याचा माग प्रथम आपल्या मुंबईतच लागला, हे किती जणींना ठाऊक असेल! ल्यूसी विल्स या इंग्रज विदुषीने १९२८ नंतर येथील गरीब गर्भवतींच्या पांडुरोगाचा अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो असे दाखविले.

थॅलेसेमियाची तपासणी पतिपत्नी दोघांनीही करावी. उभयता वाहक असल्यास प्रत्येक गर्भाला रोगाचा धोका चारात एक असतो, आणि पुरुष या कामी सहसा हजर होत नाहीत. मधुमेह वा अपस्मार असलेल्या स्त्रीने चालू औषध आपल्या मनाने बंद करू नये. आम्हांस मूल हवे आहे, एवढे वैद्याच्या कानी वेळीच घालावे, म्हणजे गर्भास बाधक औषध बदलण्याची तजवीज त्याला आधीच करता येते.