रविवारची सुट्टी

पोटासाठी गाव सोडून मुंबईस आलेले हिंदू व मुसलमान गिरणी-कामगार पूर्वी पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत राबत. आठवड्याची हक्काची सुट्टी त्यांना नसे. जोतीराव फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली त्यांची संघटना स्थापिली. १८९० च्या एप्रिलमध्ये सुमारे १०,००० कामगारांची सभा भरली. तीत दोन स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

१८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांचा दंगा उसळला. एकीने मिळविलेले फुटीने जाणार, हे ओळखून लोखंडे यांनी सभा भरविली व दोन्ही समाजांत एकोपा व्हावा म्हणून ते झटले. १८९७ च्या प्लेगात रुग्णसेवा करीत असता त्यांचा अंत झाला.

प्रश्न : दंग्यामुळे कामगारांचे कोणते नुकसान झाले असते?