आधी निर्णय, मग रुग्णालय

जिभेच्या कडेला महिनाभर न भरलेली जखम, बायॉप्सीत निघालेला कॅन्सर, आणि पंढरपूरजवळच्या गावातून पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना सुरू झालेले फोन. भारतातल्या पुरुषांत तोंडाचा कॅन्सर सर्वाधिक आढळणाऱ्या कॅन्सरांपैकी आहे, त्यामुळे ही वेळ आपल्याकडे फार घरांवर येते. खालच्या संवादातली मावशी पॅथॉलॉजीची निवृत्त प्राध्यापिका आहे, रोहन तिचा भाचा. दोघं कल्पित आहेत. त्यांचा प्रश्न मात्र कल्पित नाही.

रोहन : मावशी, आप्पांचा रिपोर्ट आला. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. इथले सर्जन म्हणतात, गाठ लहान आहे, गुरुवारी काढून टाकू. घरात तीन मतं पडलीत. गुरुवारचं ऑपरेशन उरकून घ्यावं, पुण्याच्या मोठ्या खासगी रुग्णालयात जावं, नाहीतर सरळ टाटाला. सगळ्यांत चांगलं कुठलं तेवढं सांग, मी घेऊन जातो.

मावशी : नाव सांगेन, पण तुझ्या प्रश्नात दोन कामं एकत्र मिसळली आहेत. कोणते उपचार, कोणत्या क्रमानं द्यायचे हे ठरवणं हे एक काम. ते उपचार प्रत्यक्ष पार पाडणं हे दुसरं. पहिलं काम थोड्या दिवसांचं असतं, पण त्यात चुकलं तर ते पुढे सहसा भरून निघत नाही. दुसरं काही महिने चालतं, आणि त्यात खंड पडला तर पहिलं अचूक होऊनही हाती फारसं लागत नाही. म्हणून ठरवण्यासाठी मिळेल तितक्या अनुभवी ठिकाणी जावं, त्यासाठी रात्रभर प्रवास करावा लागला तरी करावा. रोजच्या उपचारासाठी मात्र आप्पा आणि त्यांच्याबरोबरचं माणूस शेवटच्या दिवसापर्यंत टिकतील असं ठिकाण शोधावं. दोन्ही एकाच इमारतीत मिळालं तर उत्तमच, पण तसा हट्ट धरू नये.

रोहन : गाठ लहान आहे ना पण? इथल्या सर्जनचा हात चांगला आहे, अर्ध्या तालुक्याची ऑपरेशनं त्यांनीच केलीत.

मावशी : त्यांच्या हाताविषयी मी काहीच म्हणत नाही. गुरुवारी ते नेमकं काय काढणार आहेत, हे मला हवंय. जिभेचा कॅन्सर मानेतल्या लिम्फ नोडमध्ये लवकर उतरतो, आणि सुरुवातीला तो तिथे हाताला लागत नाही, कधी कधी तपासणीतही दिसत नाही. पूर्वी बरेच सर्जन तोंडातली गाठ काढत आणि मानेवर लक्ष ठेवत; पुढे मानेत गाठ आलीच तर दुसरं ऑपरेशन करत. यातलं बरोबर काय, हे परळच्या टाटा मेमोरियलनं तपासलं. सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांचे दोन गट केले, कोण कुठल्या गटात हे चिठ्ठी टाकून ठरवलं. एका गटाचं मानेचं ऑपरेशन तोंडाच्या ऑपरेशनबरोबरच झालं, दुसऱ्या गटाचं मानेत गाठ आल्यावर. निकाल २०१५ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्यातले ६७.५ टक्के. शंभरामागे बारा माणसं, रोहन. ही बारा माणसं नव्या औषधानं किंवा महागड्या यंत्रानं वाचली नाहीत, पहिल्याच ऑपरेशनची आखणी बरोबर होती म्हणून वाचली. लहान गाठीला विचार कमी लागतो असं वाटतं, पण पूर्ण बरं होण्याची संधी तिथेच सर्वांत मोठी असते, म्हणून चुकीची किंमतही तिथेच सर्वांत जास्त. शिवाय गाठ अपुरी काढली गेली, कडेला रोग राहिला, तर नंतरच्या सर्जनला व्रणाच्या आत मूळ गाठ कुठवर होती हे कळणं अवघड होऊन बसतं.

रोहन : मग प्रत्येक कॅन्सरचं ऑपरेशन मुंबईतच करायचं का? जिल्ह्याच्या ठिकाणच्या डॉक्टरांनी काय करायचं?

मावशी : प्रत्येक नाही. ऑपरेशन जितकं अवघड, तितका सरावाचा फरक मोठा. अमेरिकेत २००२ साली वयस्कर रुग्णांच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं, की स्वादुपिंडाचं मोठं ऑपरेशन फार क्वचित होणाऱ्या रुग्णालयांत ऑपरेशननंतर १६.३ टक्के रुग्ण दगावत होते आणि ते वारंवार होणाऱ्या रुग्णालयांत ३.८ टक्के. जिभेच्या लहान गाठीच्या ऑपरेशनात जिवाचा धोका एवढा नसतो, हे मान्य. म्हणून मी शहराचं नाव विचारत नाही, सराव विचारते. तुमच्या सर्जनना नम्रपणे विचार : जिभेच्या कॅन्सरची अशी ऑपरेशनं वर्षाला किती करता? मानेतल्या नोड त्याच वेळी काढणार का? केस ट्यूमर बोर्डापुढे ठेवली का, म्हणजे सर्जन, रेडिएशनचे डॉक्टर, केमोचे डॉक्टर आणि पॅथॉलॉजिस्ट यांनी एकत्र बसून पाहिली का? सांगली-मिरज, कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा ठिकाणी या प्रश्नांची नीट उत्तरं देणारे कॅन्सर सर्जन आहेत. दुसरं मत घेतलं म्हणून चांगला डॉक्टर रागावत नाही. रागावला, तर तीही माहितीच समज.

रोहन : टाटाची गर्दी सगळ्यांना माहीत आहे. फाइल काढा, तपासण्यांच्या तारखा घ्या, ऑपरेशनची तारीख घ्या. तोवर रोग वाढला तर?

मावशी : हा आक्षेप खरा आहे, तो उडवून लावता येणार नाही. २०२० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलेल्या संशोधनानं अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं, की ऑपरेशनला दर चार आठवड्यांचा उशीर झाला की मृत्यूचा धोका ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो. पण याच आकड्याकडे नीट पाहा. चार-आठ दिवस नीट विचारात गेले म्हणून घात होत नाही. घात होतो तो महिने घालवल्यानं, कधी एका ओळखीच्या डॉक्टरकडून दुसऱ्याकडे जाण्यात, कधी आधी जडीबुटी करून पाहण्यात. म्हणून रांगेतला वेळ रिकामा जाऊ द्यायचा नाही. उद्या सकाळी लॅबमध्ये अर्ज देऊन बायॉप्सीच्या स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक घे. नुसत्या कागदी रिपोर्टवर मोठं रुग्णालय उपचार ठरवत नाही, ते स्लाइड स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतं. एमआरआय लागणार असेल तर कोणत्या प्रकारचा ते आधी विचार, म्हणजे पुन्हा करावा लागणार नाही. आणि फक्त मत हवं असेल तर परळपर्यंत जायलाच हवं असंही नाही. टाटाच्या पुढाकारानं २०१२ मध्ये नॅशनल कॅन्सर ग्रिड उभी राहिली, आज तीत देशभरातली तीनशेहून जास्त रुग्णालयं आणि संस्था आहेत, आणि उपचारांची समान मार्गदर्शक तत्त्वं आखली आहेत. ग्रिडशी जोडलेल्या ‘नव्या’ या सेवेत कागदपत्रं ऑनलाइन पाठवून तज्ज्ञांचं मत मिळतं. परळची तारीख फार लांबची मिळाली आणि ग्रिडमधल्या जवळच्या रुग्णालयात सराव असलेला सर्जन तेच ऑपरेशन आधी करणार असेल, तर मी जवळच्या रुग्णालयात जा म्हणेन.

रोहन : आणि पुण्याचं खासगी? चुलतभाऊ म्हणतो, तिथली यंत्रं सगळ्यांत नवी आहेत.

मावशी : यंत्र चांगलं असावं, पण त्यावरून रुग्णालय निवडू नये. तिथेही वरचेच प्रश्न विचार. उत्तरं पटली आणि खर्च शेवटपर्यंत झेपणार असेल तर खुशाल जा. मला काळजी आहे ती अर्ध्यावर पैसे संपण्याची.

रोहन : ऑपरेशननंतर शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यावे लागतील म्हणतात. तेही मुंबईतच?

मावशी : लागतीलच असं नाही. काढलेली गाठ किती खोल होती, कडा स्वच्छ होत्या का, मानेत किती नोडमध्ये रोग होता, यावर ते ठरेल. लागले तर आठवड्याचे पाच दिवस, साधारण सहा आठवडे. परळला धर्मशाळा आहेत, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आणि नाना पालकर स्मृती समितीकडे बाहेरगावच्या रुग्णांची सोय होते, पण जागा मर्यादित. घरचं अन्न नाही, सोबतीच्या माणसाची मजुरी बुडते, तोंड सोलवटतं, आणि चौथ्या आठवड्यात माणूस घरी जायचं म्हणतो. शेकात खंड पडला की रोग आटोक्यात येण्याची शक्यता दिवसागणिक घटते. तुमच्यासाठी बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल किंवा मिरजेचं सिद्धिविनायक कॅन्सर रुग्णालय त्या कामाला जास्त योग्य ठरू शकेल. एक सांधा मात्र फार जपायचा. ऑपरेशननंतर शेक सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवेत. एका रुग्णालयातून दुसऱ्याकडे जाताना नेमके हेच आठवडे वाया जातात, कारण पॅथॉलॉजीचा रिपोर्ट एकीकडे अडकतो आणि यंत्राची तारीख दुसरीकडे मिळत नाही. म्हणून ऑपरेशनच्या आधीच शेकाच्या रुग्णालयात जाऊन नाव घालून ये, आणि ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांकडून त्यांच्या नावे चिठ्ठी घे.

रोहन : पैशांचं काय? आप्पांच्या नावावर दोन एकर आहे, ती विकायची भाषा सुरू झालीय.

मावशी : जमिनीला आत्ताच हात लावू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, आणि कॅन्सरची ऑपरेशनं, केमो, शेक त्यात येतात. रुग्णालय योजनेत आहे का ते आधी पाहा, रेशनकार्ड आणि आधार घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. मंजुरी उपचाराआधी लागते. पैसे भरून मागाहून परत मागायला गेलात तर फार अवघड जातं. धर्मादाय रुग्णालयांनाही निर्धन रुग्णांसाठी १० टक्के आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा राखून ठेवाव्या लागतात, तिथल्या समाजसेवकाला भेटायला लाजू नका.

रोहन : म्हणजे उद्या लॅबमधून ब्लॉक घ्यायचा, सर्जनना तीन प्रश्न विचारायचे, कागद मतासाठी पाठवायचे आणि बार्शीला जाऊन यायचं. आप्पांना काय सांगू? घरचे म्हणतात, कॅन्सर शब्द त्यांच्यापुढे काढायचा नाही.

मावशी : जीभ त्यांची आहे. ऑपरेशननंतर बोलणं आणि गिळणं किती बदलेल, घरापासून किती दिवस लांब राहायला ते तयार आहेत, हे त्यांच्याशिवाय कोण ठरवणार? त्यांना सांगितलं नाही तर तंबाखू तरी कशी सुटेल? ती आजपासूनच बंद व्हायला हवी. आणि याच आठवड्यात त्यांना दातांच्या डॉक्टरकडे ने. किडलेले, हलणारे दात शेक सुरू होण्याआधी काढावे लागतात. शेक झालेल्या जबड्यातला दात नंतर काढला तर हाडाची जखम न भरण्याचा धोका असतो, कधी हाडच सडतं. हे काम पंढरपुरातच होईल, त्यासाठी कुणाच्याच तारखेची वाट पाहायला नको.