शेअर्सचे एकत्रीकरण : छोट्या भागधारकाचा फायदा की तोटा?

वसई पूर्वेतील वालीव, सातिवली, गोखिवरे येथील गाळ्यांत घाम गाळणाऱ्या आपल्या अनेक कारागिरांनी व व्यापाऱ्यांनी बचतीचे दोन पैसे शेअर्समध्ये गुंतविले आहेत. काहींची घरचीच छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. अशा भागधारकाला कधी कंपनीची नोटीस येते, की दहा शेअर्सचा मिळून एक शेअर केला जाईल. कोणी घाबरतो, तर कोणी भाव दहापट होणार म्हणून खूश होतो. दोघांचाही हिशेब चुकलेला असतो. या व्यवहाराला शेअर्सचे एकत्रीकरण किंवा रिव्हर्स स्प्लिट म्हणतात.

साधा हिशेब

समजा, आपल्याकडे १ रुपया दर्शनी किमतीचे १,००० शेअर्स आहेत व बाजारभाव ३ रुपये आहे. एकूण किंमत ३,००० रुपये. दहाचा एक केल्यावर १० रुपये दर्शनी किमतीचे १०० शेअर्स होतील व भाव ३० रुपयांच्या आसपास येईल. किंमत तीच, ३,००० रुपये. कंपनीतील आपला हिस्साही तेवढाच. विक्रीसाठी घेतलेल्या शेअर्सवर बाजारभावाने निघणारी जकातही त्यामुळे बदलत नाही. दहाच्या दहा नोटा देऊन शंभराची एक नोट घेण्यासारखेच हे आहे.

मग कंपन्या असे का करतात?

अमेरिकेतील मोठ्या शेअर बाजारांत भाव दीर्घकाळ १ डॉलरखाली राहिला तर शेअरची नोंदणी रद्द होऊ शकते. म्हणून तेथे हा प्रकार जास्त दिसतो. काही वेळा केवळ कंपनीची पत वाढावी म्हणूनही तो केला जातो. सिटीग्रुप बँकेने मे २०११ मध्ये दहाचा एक शेअर केला. भाव साडेचार डॉलरवरून ४५ डॉलरच्या आसपास गेला. पण त्याच वर्षाच्या अखेरीस तो सुमारे २६ डॉलरवर उतरला होता. पाटी बदलल्याने दुकान चालत नाही.

आपल्या भागात मोठ्या जमिनी असलेल्या एचडीआयएल कंपनीने २००७ साली ५०० रुपयांनी शेअर दिला होता. ऑगस्ट २०१९ मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, तेव्हा भाव थोड्या रुपयांवर आला होता. असा शेअर एकत्र करून भाव वर दाखविता आला असता, पण कर्ज एक पैशानेही कमी झाले नसते.

खरे नुकसान कोठे होते?

पहिले, तुकड्यांमध्ये. १,००४ शेअर्स असतील तर १०० नवे मिळतील व उरलेल्या ४ शेअर्सचे सहसा रोख पैसे मिळतील. ज्याच्याकडे फक्त ७ शेअर्स आहेत, तो भागधारकच राहत नाही.

दुसरे, भांडवल कपातीमध्ये. ही वरवर एकत्रीकरणासारखी दिसते, पण ती वेगळी गोष्ट आहे. मुंबईच्या रुची सोया कंपनीसाठी पतंजली समूहाची योजना २०१९ साली मंजूर झाली. जुन्या १०० शेअर्सचा एक शेअर झाला, पण दर्शनी किंमत २ रुपयेच राहिली. शिवाय नव्या मालकांना प्रचंड संख्येने नवे शेअर्स दिले गेले. जुन्या भागधारकांचा हिस्सा सुमारे एक टक्क्यावर आला. ५,००० शेअर्सवाल्याकडे ५० उरले. २७ जानेवारी २०२० रोजी शेअर पुन्हा बाजारात आला तेव्हा भाव सुमारे १७ रुपये होता, म्हणजे ५० शेअर्सचे ८५० रुपये. जूनअखेर भाव १,५०० च्या वर गेला, कारण बाजारात विक्रीला शेअर्सच फार थोडे होते. मार्च २०२२ मध्ये कंपनीने जनतेला नवे शेअर्स दिले ते ६५० रुपयांनी. ज्यांनी धीर धरला त्यांना पैसे मिळाले, परंतु गेलेला हिस्सा परत आला नाही.

तिसरे, घरच्या कंपनीत. समजा, १० रुपयांच्या शेअरचा १०,००० रुपयांचा शेअर करण्याचे ठरले. वडिलांच्या पश्चात वारशाने ४०० शेअर्स मिळालेल्या बहिणीच्या वाट्याला पूर्ण एकही शेअर येत नाही. तिला रोख देऊन बाहेर काढता येते, आणि बाजारभाव नसल्याने रक्कम भाऊच ठरवितात.

कायदा काय सांगतो?

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ६१ नुसार एकत्रीकरणाने भागधारकांच्या मतांची टक्केवारी बदलत असेल, तर राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाची मंजुरी घ्यावीच लागते. कंपनीत अन्याय होत असेल तर एक दशांश सभासद किंवा एक दशांश भांडवल असलेले भागधारक न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतात. हिस्सा कमी असला तरी न्यायाधिकरण ही अट शिथिल करू शकते.

नोटीस आल्यास एवढे पाहावे :

१) दर्शनी किंमत त्याच पटीत वाढते का? नसेल तर ती भांडवल कपात आहे.
२) तुकड्यांचे पैसे कोणत्या भावाने व कोण ठरविणार?
३) त्याचबरोबर नवे शेअर्स कोणाला दिले जात आहेत?
४) मतांची टक्केवारी बदलते का?

थोडक्यात, एकत्रीकरण स्वतः काही देत नाही व घेतही नाही. त्याच्या आडून कोणाचा हिस्सा घटतो आहे, हे पाहावे. सूरह अल-मुतफ्फिफीनमध्ये मापात मारणाऱ्यांना कडक इशारा आहे. तराजू आणि शेअर यांत या बाबतीत फरक नाही. कुटुंबाची कंपनी चालविणाऱ्या बांधवांनी बहिणीचा किंवा लहान भागीदाराचा हिस्सा कागदावरच्या गुणाकार-भागाकारात हरवू देऊ नये. त्याची योग्य किंमत तटस्थ मूल्यमापकाकडून ठरवून घ्यावी.